धड्याशेजारचा चौकोन

पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीचं कार्यालय आहे. तिच्या पाठ्यपुस्तकांत काळा-पांढरा क्यूआर कोड छापलेला असतो. मोबाइलने तो टिपला, की केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावरचं (सुरुवात २०१७) त्या धड्याचं साहित्य उघडतं. पुस्तकात असे कोड देण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आधीच केला होता. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं.

कोड छापला गेला, पण तो उघडावासा वाटतो का? नवं तंत्र माणूस कधी स्वीकारतो, याचं उत्तर अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन प्रश्नांत मांडलं: याचा मला उपयोग होईल का? आणि हे मला सहज जमेल का?

वर्गात हेच प्रश्न शिक्षकांपुढे येतात. तासिका जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांची. त्यातली दहा कोडमधला व्हिडिओ दाखवायला प्रोजेक्टर जोडण्यात गेली, तर बाईंना खडू-फळाच जवळचा वाटणार. याला जुनाट वृत्ती म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मुलांची बोटं पडद्यावर सराईत असतात, तरी व्हिडिओ पाहिला म्हणजे अपूर्णांक समजले असं नव्हे. शिवाय अनेक घरांत फोन एकच, आणि तोही आईबाबांसोबत कामावर गेलेला. मार्च २०२० नंतर कोरोनामुळे शाळा बंद असताना हे फार बोचलं.

मला आशा वाटते ती व्हिडिओ मध्येच थांबवून “आता पुढे काय होईल, सांगा?” असं विचारणाऱ्या शिक्षकांकडे पाहून. मुलं तेव्हा पडद्याकडून एकमेकांकडे वळतात आणि वाद घालू लागतात.