कोलंबी किलोवर नाही, ‘वाट्या’वर का? रोह्यापासून लागोसपर्यंत बाजाराचा एकच हिशेब

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये निडी स्टेशन आहे. या पट्ट्यातल्या बाजारांत कोलंबी वाट्यावर, रानभाजी जुडीवर आणि अलिबागचा पांढरा कांदा माळेवर मिळतो. असं का? जाणून घेऊया.

वाटा म्हणजे काय?
विक्रेती मालाचे साधारण सारखे ढीग लावते. एका ढिगाची एकच किंमत. माल महागला की बऱ्याचदा किंमत तीच राहते, ढीग लहान होतो. संध्याकाळी त्याच पैशांत ढीग मोठा होतो, कारण मासळी उद्यापर्यंत टिकत नाही.

इतरत्र काय?
नायजेरियातल्या लागोसमध्येही टोमॅटो, मिरच्या ढिगावर विकतात. सौदा ठरल्यावर मिळणाऱ्या वरच्या मुठीला तिथे ‘जारा’ म्हणतात. आपल्याकडचं ‘मावशी, वर दोन टाका’ ते हेच.

फायदा कोणाचा?
खिशात ५० रुपयेच असतील, तर वाटा सोयीचा. विक्रेतीलाही काट्याचा खर्च नाही.

तोटा काय?
वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार विक्री प्रमाणित वजन, माप किंवा नगावर व्हायला हवी. वाट्याला वजनच नसल्याने ‘कमी भरलं’ हे सिद्ध करणं कठीण.

ग्राहकाने काय करावं?
दोन-तीन ठिकाणचे वाटे पाहा. वर मोठी आणि खाली बारीक कोलंबी नाही ना, हे हलवून बघा. आणि घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा: वाडीवरून पहाटे निघालेल्या बाईचं परतीचं एसटी भाडंही त्याच वाट्यातून निघतं.