सायकलच्या दुकानाचा विमा : काय लिहून घ्यायचं?

आज आपण विम्यावर बोलणार आहोत, पण पिकाच्या नव्हे, दुकानाच्या. पीक विमा आता शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानाच्या विम्याचं मात्र नाव निघत नाही, आणि गटाच्या कर्जातून दुकानं तर उभी राहत आहेत.

समजा, आपल्या पेडगावात एका ताईनं सायकलचं दुकान टाकलं. पंक्चर काढायचं, टायर-ट्यूब विकायचे, चार-सहा नव्या सायकली ठेवायच्या. धंदा चालण्यासारखा आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात, आणि सायकल आली की तिची दुरुस्तीही आली. दुकानासाठी ताईनं गटातून कर्ज उचललं. आता एका रात्रीत दुकानात पाणी शिरलं तर? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यानं काय सोसलं ते आपण पाहिलं आहे. माल गेला तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. ताईला भरता आला नाही तर त्याचा भार गटातल्या सगळ्या बायांवर येतो. म्हणून हा विषय एकट्या दुकानदारणीचा नाही, गटाच्या बैठकीचा आहे.

आधी कर्जाचंच पाहू. मुद्रासारखं एकटीच्या नावावरचं कर्ज असेल तर बँक बहुधा मालाचा विमा उतरवून घेते आणि पैसे खात्यातून कापते. तसं झालं असेल तर पॉलिसीची प्रत मागून घ्या. बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँक काही तारण घेत नाही. त्यामुळे मालाचा विमा आहे की नाही, हे तिथं आपणच पाहायला हवं.

छोट्या धंद्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून एक ठरलेली पॉलिसी आहे. तिचं नाव ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते. आपली दुकानं त्यात सहज बसतात. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल यांनी झालेलं नुकसान त्यात धरलं जातं. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आणि खासगी कंपन्याही ती देतात. हप्ता माल, जागा आणि बांधकाम पाहून ठरतो. दोन ठिकाणी विचारून मगच घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. विमा दुकानाचा असला तरी भरपाई कागदावर लिहिलेल्या वस्तूंची मिळते. सायकलच्या दुकानात नेमक्या चार गोष्टी लिहायच्या राहून जातात.

पहिली, गिऱ्हाइकाची सायकल. दुरुस्तीला आलेल्या सायकली रात्री दुकानात असतात. त्या आपल्या मालकीच्या नाहीत, म्हणून आपल्या मालात धरल्या जात नाहीत. त्या जळाल्या किंवा वाहून गेल्या तर गिऱ्हाईक आपल्याच दारात येणार. ‘दुरुस्तीसाठी ताब्यात असलेला लोकांचा माल’ असा उल्लेख त्याच्या अंदाजे किमतीसह पॉलिसीत करून घ्या.

दुसरी, चोरी. वर सांगितलेल्या पॉलिसीत साधी चोरी येत नाही. आग-पुरासारख्या संकटाच्या गडबडीत सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तिच्यात धरतात. शटर फोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचा वेगळा विमा घ्यावा लागतो, किंवा सगळं एकत्र असलेली दुकानदारांची पॉलिसी घ्यावी लागते. तिथंही अट असते, ती कुलूप तोडून, जबरीनं आत शिरल्याची. भरदिवसा ओट्यावरून कुणी सायकल नेली तर त्यात ती बसत नाही. म्हणून संध्याकाळी ओट्यावरचा माल आत घ्यायचा आणि दिवसा साखळी लावायची.

तिसरी, मालाची खरी किंमत. हप्ता कमी बसावा म्हणून किंमत कमी लिहिली जाते. समजा, माल २ लाखांचा आहे आणि विमा १ लाखाचाच काढला. पुरात ६० हजारांचं नुकसान झालं. माल निम्म्याच किमतीला लिहिला होता, म्हणून ढोबळ हिशेबानं भरपाईही निम्मी, म्हणजे ३० हजार मिळेल. त्यातूनही ठरलेली थोडी रक्कम आपल्याला सोसावी लागते. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून देतात, त्यापुढची नाही. किंमत लिहिताना विक्रीचा भाव नको, खरेदीचा धरा. कॉम्प्रेसर, पाने, स्टँड ही हत्यारं वेगळी लिहा. शाळा उघडण्याआधी माल जास्त भरला तर कंपनीला कळवा. बॅटरीच्या सायकली ठेवून तिथंच चार्ज करत असाल तर तेही सांगा. आगीचा धोका लपवला तर दावा अडकतो.

चौथी, माणसाला झालेली इजा. ब्रेक नीट बसला नाही आणि मुलगी पडली तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुरुस्तीतल्या दोषामुळे इजा झाली तर दुरुस्ती करणाऱ्याकडूनही भरपाई मागता येते. मालाच्या विम्यात हे येत नाही. त्यासाठी दायित्वाचा विमा वेगळा जोडावा लागतो. आपल्यासाठी आणि हाताखालच्या पोरासाठी, तो अठरा वर्षांचा असेल तर, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. पैसे मे अखेरीस खात्यातून कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा.

गंज, झीज आणि दुकान बंद राहिल्यानं बुडालेली कमाई मालाच्या विम्यात मिळत नाही, हेही मनात असू द्या.

नुकसान झालं तर काय करायचं? आवराआवर करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. चोरी असेल तर पोलिसांत, पूर असेल तर तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी सांगा. कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. खरेदीची बिलं आणि मालाची वही मात्र दुकानात ठेवू नका, घरी उंचावर ठेवा. वहीच भिजली तर दोन लाखांचा माल होता हे सांगायचं कशाच्या जोरावर?

दावा नाकारला किंवा रखडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. परभणी जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १५५२५५ हा फुकटचा क्रमांक आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या कर्जावर ज्यांची दुकानं उभी आहेत, मग ती सायकलची असोत, किराण्याची की शिलाईची, त्या सगळ्यांना पॉलिसी घेऊन बोलवा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावी. लोकांचा माल, चोरी, खरी किंमत आणि इजा या चार गोष्टी लिहिल्या आहेत का ते पाहा. जे नसेल ते पावसाळ्याआधी लिहून घ्या.