मागे सरायला जागा नसते तेव्हा

जुन्या वाड्याच्या माजघरात फोटो काढताना पाठ भिंतीला टेकते, तरी समोरचा खांब तुळईसकट चौकटीत येत नाही. किट लेन्सची रिंग 18 मिलिमीटरच्या खुणेपाशी येऊन थांबलेली असते. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचा सागवानी दर्शनी भाग समोरच्या पदपथावरून टिपतानाही हेच होतं. आणखी मागे जायचं तर मागे दुकानं असतात. वाडे आणि लेणी यांची छायाचित्रं घेणाऱ्या प्रत्येकाला वाइड लेन्सची गरज अशा जागी पहिल्यांदा जाणवते, आणि ती घ्यायची की नाही हे ठरवायची खरी जागाही हीच आहे.

ओळखीतली वास्तुशास्त्राची एक विद्यार्थिनी मध्यंतरी विचारायला आली. तिच्याकडे कॅननचा 1500डी आणि त्यासोबत मिळालेली 18-55 किट लेन्स. पाडकामाच्या रांगेतल्या वाड्यांची नोंद तिला ठेवायची होती आणि हाताशी पैसे थोडे होते. “काका, 18 आणि 10 मध्ये आठच मिलिमीटरचा तर फरक. एवढा खर्च करण्याइतका आहे का तो?”

तिला कागदावर हिशेब मांडून दाखवला. या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 22.3 मिलिमीटर रुंद असतो. त्याला फोकल लेंथने भागायचं आणि समोरच्या भिंतीच्या अंतराने गुणायचं, म्हणजे भिंतीची किती रुंदी चौकटीत येईल ते कळतं. भिंत दहा फुटांवर असेल तर 18 मिलिमीटरवर तिचे सव्वाबारा फूट येतात आणि 10 मिलिमीटरवर बावीस फूट. टेलिफोटोच्या टोकाला आठ मिलिमीटरने काही बिघडत नाही, इकडच्या टोकाला एकेक मिलिमीटर महाग असतो. म्हणून “12 पासून आहे, चालेल की” असं कुणी म्हटलं तर आधी आपल्या खोलीचं माप आठवावं.

मग तिला तिचेच जुने फोटो संगणकावर उघडायला लावले. फोटो कोणत्या फोकल लेंथवर काढला हे प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेलं असतं. अगदी 18 वर काढलेले फोटो वेगळे केले की पुष्कळ निघतात. पण खरा प्रश्न त्यानंतरचा: यांपैकी कितींमध्ये मागे सरकणं शक्यच नव्हतं? गडावरचं पठार, नदीचा घाट, लग्नाचा मांडव इथे चार पावलं मागे गेलं की काम होतं. उघड्या निसर्गदृश्यासाठी तर उभ्या चौकटी एकमेकींवर तिसरा हिस्सा चढवून घेता येतात आणि संगणकात जोडता येतात. त्याला खर्च शून्य. वाड्याच्या आत मात्र ही जोडणी फसते. जवळचा खांब आणि लांबची भिंत कॅमेरा वळवताना एकमेकांच्या मागेपुढे सरकतात आणि सांध्यावर खांब तुटलेला दिसतो. तिच्या फोटोंत ओसऱ्या, जिने, माजघरंच जास्त होती. तिला लेन्स हवी होती, यात शंका राहिली नाही.

स्वस्ताच्या वाटेवर दोन गोष्टी टाळायच्या. एक म्हणजे किट लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची वाइड कन्व्हर्टरची काच. मधला भाग बरा येतो, कडा धुऊन निघतात, आणि वाड्याचं कोरीवकाम नेमकं कडांवर असतं. दुसरी गोष्ट, फुलफ्रेम कॅमेऱ्यासाठी बनवलेली जुनी 17-40 किंवा 28 मिलिमीटर. दुकानात ती वाइड म्हणूनच पुढे केली जाते, आणि फुलफ्रेमवर ती वाइड असतेही. पण या लहान सेन्सरवर 17 आणि किट लेन्सची 18 यांत डोळ्याला फारसा फरक दिसत नाही.

उरतात त्या अशा लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीच बनवलेल्या. कॅननने 2014 मध्ये 10-18 आणली, तेव्हा आधीच्या 10-22 च्या जवळपास निम्म्या किमतीत. वजन 240 ग्रॅम. कॅमेऱ्याला बसणारं कडंसुद्धा प्लॅस्टिकचं. निकॉनची 10-20 2017 मध्ये आली, तीही अशीच हलकी. मात्र निकॉनवाल्यांनी एक गोष्ट विकत घेण्याआधी बघायची: ही लेन्स एएफ-पी प्रकारची आहे. डी3500 किंवा डी5600 वर ती व्यवस्थित चालते. डी3100, डी3200 किंवा डी5100 वर फोकसच होत नाही, हातानेसुद्धा नाही. तोकिनाच्या 11-16 चं नाव खूप ऐकू येतं आणि लेन्स खरोखर उत्तम आहे. पण तिच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही, म्हणून निकॉनच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर तिचा फोकस हातानेच फिरवावा लागतो. शिवाय वजन साडेपाचशे ग्रॅमच्या वर.

तोकिनाचं अ‍ॅपर्चर 2.8 आणि कॅननच्या स्वस्त लेन्सचं 4.5 पासून पुढे. म्हणजे तोकिना अडीचपट उजेड आत घेते. ऐकायला हा मोठा फरक आहे, आणि तारांकित आकाशाचे फोटो काढणाऱ्याने खुशाल तोकिनाच घ्यावी. तारे सरकतात, तिथे उजेडाला पर्याय नाही. आपला विषय दगड आणि लाकूड आहे. ते हलत नाहीत. कॅननच्या 10-18 मध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आहे, आणि कंपनीचा दावा चार स्टॉपचा, म्हणजे सोळापट वेळ शटर उघडं ठेवता येण्याचा आहे. त्यातला निम्मा धरला तरी आपलं काम होतं. लेन्स स्वस्त करताना कंपनीने जे काढून घेतलं, त्याची या कामाला गरज नव्हती. हे इतकं नेमकं जुळणं क्वचित घडतं, म्हणून ही लेन्स मी मनापासून सुचवतो.

याची परीक्षा घ्यायची तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावं. आत सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट उंच पोकळी, 37 खांब, वर गजपृष्ठाकार छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या. लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की दर्शनी कमानीतून उजेड आत शिरतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून सगळं हातावरच. आयएसओ 1600, शटर सेकंदाचा आठवा भाग, कोपरे अंगाशी घट्ट, श्वास सोडून अलगद बटण. 10 मिलिमीटरवर फोटो स्थिर येतो.

पण इथेच वाइड लेन्सचा दुसरा स्वभावही दिसतो. दारात उभं राहून 10 वर फोटो घेतला तर फासळ्या डोक्यावरून सुरू होतात हे खरं, पण टोकाचा स्तूप एवढासा होऊन जातो आणि पुढची मोकळी जमीन अर्धी चौकट खाते. सगळं आलं, आणि कशातच जीव नाही. ही लेन्स लांबचं आणखी लांब ढकलते आणि जवळचं मोठं करते. म्हणून पुढे जायचं. खांब आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद वाटेत शिरायचं, एका खांबाच्या कुंभापासून हातभर अंतरावर थांबायचं. तिथून खांबांची रांग पळत जाताना दिसते आणि समोरच्या रांगेतल्या खांबांवर गुडघे टेकलेल्या हत्तींवरची जोडपी दिसतात. किट लेन्सला त्या वाटेत काही करताच आलं नसतं. फोकसचीही चिंता नाही: 10 मिलिमीटर, अ‍ॅपर्चर 8, फोकस सव्वादोन फुटांवर ठेवला की सव्वा फुटापासून पुढे सगळं स्पष्ट.

कॅमेरा वर उचलायचा मोह मात्र आवरावा. तो जरा वर झुकला तरी खांब आत कलंडतात. वास्तूच्या नोंदीत असा फोटो निरुपयोगी. कॅमेरा उभा आणि सरळ धरावा, खाली जास्तीची जमीन येऊ द्यावी आणि नंतर ती कापून टाकावी. 24 मेगापिक्सेलमधून तेवढं कापायला भरपूर वाव असतो. माणसं असतील तर त्यांना चौकटीच्या मध्याजवळ ठेवावं. कोपऱ्यातला चेहरा ताणला जातो.

तिच्यासाठी लेन्स वापरलेली घ्यायचं ठरलं, आणि आम्ही मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. तिथल्या एका दुकानातल्या शेठनी 10-18 काउंटरवर ठेवली आणि आम्ही काय करतो ते बघत बसले. आधी दोन्ही झाकणं काढून मोबाइलची टॉर्च एका बाजूने तिरपी धरली आणि दुसऱ्या बाजूने आत पाहिलं. धुळीचे चार कण दिसले. त्यांनी फोटोला काही होत नाही. शोधायची असते बुरशी: काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे फुटलेले बारीक तंतू. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते. मग पुढच्या कड्यावर बोट फिरवलं. तिथे पोचा असला तर लेन्स पडलेली आहे असं समजावं.

शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि ती दुकानाबाहेर करावी लागते. समोरच्या इमारतीची विटांची भिंत किंवा बंद शटर शोधायचं, कॅमेरा त्याला बरोबर समांतर धरायचा आणि अ‍ॅपर्चर 8 वर फोटो घ्यायचा. स्क्रीनवर चारही कोपरे एकेक करून मोठे करून बघायचे. चारही थोडे मऊ असले तर चिंता नको, या किमतीत तेवढं चालतं. तीन चांगले आणि एकच पुसट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. ती दुरुस्तीने नीट होईलच याची खात्री नाही. पहिल्या लेन्सचा खालचा डावा कोपरा असाच निघाला. शेठना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, काही न बोलता ती आत ठेवली आणि दुसरी काढून दिली. तिचे चारही कोपरे सारखे आले.

ठरवल्यापेक्षा थोडे पैसे उरले. पोलरायझर घेऊ का, असं तिने विचारलं. इतक्या रुंद चौकटीत पोलरायझरने आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येतं, म्हणून नको म्हटलं. त्याऐवजी हूड घेतलं, कारण या लेन्ससोबत ते येत नाही आणि खिडकीचा उजेड बाजूने काचेवर पडतो. आणि घट्ट झाकणाचा एक डबा, आत टाकायला सिलिका जेलच्या पुड्या, कारण जून जवळ आला होता.