गॅस हजिऱ्यात, हक्क दिल्लीत

मुंबईच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा गॅस समुद्रतळाच्या वाहिनीने सुरतेजवळ हजिऱ्याला पोहोचतो आणि पुढे थेट उत्तर प्रदेशापर्यंत जातो. या गॅसवर राज्याचा अधिकार किती? गुजरातने २००१ मध्ये गॅसबाबत स्वतःचा कायदा केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एलएनजीसह (द्रवरूप वायूसह) नैसर्गिक वायू हा केंद्राचाच विषय ठरवला. पाठोपाठ हजिऱ्यात परदेशी एलएनजीचं टर्मिनल सुरू झालं.

गॅस असा जवळून जात असला, तरी सुरतेच्या पांडेसरा आणि सचिन भागांतल्या डाईंग मिलांना वाफ आणि उष्णता लागते, ती वेगळ्याच इंधनातून. रंगवलेलं कापड दोन्ही काठांनी ताणून गरम हवेतून वाळवत न्यायचं, म्हणजे भट्टी पेटती हवी. ती पेटते मुख्यतः कोळशावर. सुरत जिल्ह्यातल्याच मांगरोळ तालुक्यात लिग्नाइट निघतं, पण ते प्रामुख्याने नानी नरोलीच्या वीजकेंद्रात जळतं. म्हणून २०२१ मध्ये इंडोनेशियाचा कोळसा कडाडला, तेव्हा इथली रंगाई महागली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्याने सीएनजी आणि पाइप गॅसवरचा व्हॅट कमी केला. घरांना आणि रिक्षावाल्यांना दिलासा मिळाला, तो हवाच होता. गॅस वापरणाऱ्या कारखानदाराचं दुखणं वेगळं: गॅस जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे त्यावर भरलेल्या व्हॅटची वजावट कापडावरच्या करातून मिळत नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर करणं जीएसटी परिषदेच्या हातात आहे.