न दुखणारी कावीळ आणि शस्त्रक्रियेची वेळ

चिखली किंवा मेहकरकडच्या गावांत अनेकदा दिसणारा क्रम असा असतो. साठीच्या शेतकऱ्याच्या अंगाला रात्री खाज सुटते. घरच्यांना वाटते, सोयाबीनच्या कुटारामुळे असेल. पंधरा दिवसांनी डोळे पिवळे दिसू लागतात. पोटात दुखत नाही, ताप नाही, म्हणून कुणी फारसे घाबरत नाही. मग कावीळ उतरवून घेतली जाते, गावठी औषध आणले जाते, उसाचा रस सुरू होतो. तोवर लघवी गडद पिवळी आणि शौच पांढुरके झालेले असते. दीड-दोन महिने असेच जातात आणि त्यानंतर सोनोग्राफी होते.

दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणूनच कावीळ उतरवणाऱ्यांना यश आल्यासारखे वाटते. पण पित्ताची वाट अडल्यामुळे होणारी कावीळ वेगळी असते. यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते आणि पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरते. ही नलिका जेमतेम पेन्सिलीएवढी जाड असते. ती बंद झाली की पित्त रक्तात मिसळते. त्यामुळे खाज सुटते, लघवी गडद होते आणि शौचाचा रंग जातो. अशा अडथळ्याचे नेहमीचे कारण खडा हे असते. मात्र पन्नाशीनंतर पोट न दुखता कावीळ वाढत असेल आणि वजन उतरत असेल, तर पित्तनलिकेचा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावे लागते.

पित्तनलिकेचा कर्करोग तुलनेने दुर्मीळ आहे. तो पूर्ण बरा होण्याची खरी संधी शस्त्रक्रियेतच असते. शस्त्रक्रिया कोणती करायची, हे गाठ नलिकेत कुठे आहे यावर ठरते.

गाठ खालच्या टोकाला, स्वादुपिंडाजवळ असेल तर ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेतील शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी 1935 मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली होती. यात स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. उरलेले अवयव पुन्हा आतड्याला जोडतात. गाठ यकृताच्या दाराशी, म्हणजे उजवी आणि डावी नलिका एकत्र येतात तिथे असेल, तर काम अधिक अवघड होते. तिथे नलिकेबरोबर यकृताचा बराच भागही काढावा लागतो. गाठ यकृताच्या आत असेल तर यकृताचा तेवढा भाग काढतात.

यकृत पुन्हा वाढते, ही इथली जमेची बाजू आहे. निरोगी यकृताचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग शिल्लक राहिला तरी माणूस तरून जातो. काविळीने थकलेल्या यकृताचा मात्र त्याहून मोठा भाग राखावा लागतो. तो कमी पडणार असेल, तर काढायच्या भागाची रक्तवाहिनी आधी बंद करतात. मग राखायचा भाग काही आठवड्यांत वाढतो आणि त्यानंतर शस्त्रक्रिया करता येते.

इथे एक गोष्ट कुटुंबाने लक्षात ठेवावी. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसली की दुर्बिणीतून स्टेंट टाकून कावीळ उतरवण्याची घाई होते. स्टेंटमुळे खाज थांबते आणि रुग्णाला बरे वाटते, पण गाठ जागेवरच राहते. शिवाय स्टेंट टाकल्यावर केलेल्या स्कॅनमध्ये गाठीची नेमकी हद्द कळणे अवघड होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून शक्य असेल तर आधी सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी करावी. मग यकृत व स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे मत घ्यावे आणि स्टेंटचा निर्णय त्यानंतर करावा. थंडी वाजून ताप येत असेल, तर मात्र तुंबलेले पित्त तातडीने बाहेर काढावे लागते. तिथे थांबणे जिवावर बेतू शकते.

निदान होते तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये आजार शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. गाठ पूर्ण निघाली, तर ढोबळमानाने दहापैकी दोन ते चार रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. शस्त्रक्रियेनंतर सहसा सहा महिने केमोथेरपीच्या गोळ्या देतात. शस्त्रक्रिया मोठी असल्यामुळे तिचे धोकेही मोठे आहेत, म्हणून ती वारंवार करणाऱ्या केंद्रातच करून घ्यावी. शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा स्टेंट आणि केमोथेरपीने त्रास कमी होतो, आयुष्यही काही प्रमाणात वाढते.

पहिली पायरी जिल्ह्यातच गाठता येते. बिलिरुबिनसह यकृताच्या रक्त तपासण्या आणि सोनोग्राफीसाठी बुलढाणा किंवा खामगावच्या सरकारी रुग्णालयात जावे. पुढची शस्त्रक्रिया मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात किंवा नागपूरला होऊ शकते. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावरच आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. योजनेतील रुग्णालयात पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटावे. जुने सर्व रिपोर्ट, विशेषतः स्टेंट टाकण्यापूर्वीच्या स्कॅनची सीडी, जपून न्यावी.

डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली, की त्याच आठवड्यात रक्त आणि सोनोग्राफी या दोन तपासण्या करून घ्याव्यात. खडा निघाला तर त्यावरही उपचार होतील. गाठ निघाली, तर शस्त्रक्रियेची वेळ अजून हातात असण्याची शक्यता वाढेल.