आधी पोकळी, मग कुपी

लोखंडी सळईच्या टोकाला मातीचा लांबट गाभा बसवलेला आहे. अंगठ्याहून थोडा जाड, तळाशी गोल. माती, बारीक वाळू आणि घोड्याची लीद मळून तो घडवलाय आणि नीट वाळवलाय. लीद जळून जाते, मागे बारीक छिद्रं राहतात, म्हणून गाभा आचेने तडकत नाही. कारागीर बाई तो भट्टीच्या तोंडाशी धरून सळई सारखी फिरवत आहेत. प्राचीन ग्रीकांची अत्तराची कुपी त्या जुन्याच रीतीने करून दाखवताहेत. आम्ही चार पावलं मागे आहोत, तरी गाल भाजतात.

गाभा लालबुंद होतो. आता कोबाल्टची गडद निळी काच, काकवीसारखी घट्ट, धारेने त्यावर उतरते. बाई सळई फिरवतात, धार गुंडाळली जाते. पुन्हा भट्टी, मग सपाट दगडावर लोळवणं, पुन्हा भट्टी. घाई केली की काच एकीकडे ओघळते, म्हणून हात क्षणभरही थांबत नाही.

मग पिवळा धागा. या पिवळ्यात शिसं आणि अँटिमनी आहे. पांढऱ्यातही अँटिमनीच, पण कॅल्शियमच्या जोडीने. निळ्या अंगावर वेढे बसतात, सरळ, एकाखाली एक. बाई टोकदार सळई घेतात आणि मऊ काचेवरून खालून वर ओढतात, शेजारीच वरून खाली. प्रत्येक ओढीसरशी वेढे वाकतात आणि पाहता पाहता अंगभर नागमोडी नक्षी उमटते. ऱ्होड्स बेटावरच्या कामिरोसच्या थडग्यांतून निघालेल्या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या कुप्यांवर हीच नक्षी आहे. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकापासून भूमध्य समुद्राकाठी अशा कुप्या पसरल्या; त्यातल्या पुष्कळशा ऱ्होड्सवरच घडल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात.

शेवटी पसरट काठ आणि बाजूंना दोन इवले कान. हे ‘अलाबास्ट्रॉन’. तळ गोल, त्यामुळे ते उभं राहत नाही. कानांतून दोरी ओवून टांगायचं. काठ पसरट, कारण आतलं अत्तर म्हणजे सुगंधी तेल, ते काठानेच अंगावर पसरवता येतं.

ही कुपी आता मंद आचेच्या भट्टीत हळूहळू निवेल. बाई आदल्या दिवशीची, निवलेली कुपी पुढे घेतात. सळई आधीच निघालेली आहे. आकडीने त्या आतला गाभा खरवडतात. तांबूस भुकटी कागदावर पडत राहते. कुपी माझ्या हाती येते, जेमतेम चार बोटं उंच. आत बारीक काडी फिरवली की खरखर लागते. बाहेर इतकी झळझळीत काच, आत मात्र मातीचा ठसा कायमचा.

इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात फुंकून काच घडवायची युक्ती सापडली. बाटल्या भराभर आणि स्वस्तात होऊ लागल्या आणि ही रीत मागे पडली. फुंकणीआधीची कच्ची पायरी म्हणून हिची बोळवण होते, ते मला मुळीच पटत नाही. ही नक्षी या संथपणातूनच येते. संग्रहालयांनी अखंड कुप्यांशेजारी फुटक्या कुप्यांचे तुकडेही मांडावेत, आतली खरखरीत बाजू वर करून.