‘मेरी’ नांवाच्या दोन राजनौका व एक सागरी तैलचित्र

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं गेल्या पावसाळ्यांत एका सागरी तैलचित्राची छापील प्रतिकृति आम्हांस दाखविली. जोराच्या वाऱ्यांत शिडें फुगवून चाललेली एक राजनौका तींत आहे. मागें कोणा पूर्वीच्या मालकाची चिठ्ठी डकविलेली होती : ‘आम्स्टरडॅमकरांनीं दुसऱ्या चार्ल्स राजास नजर केलेली मेरी, सन १६६०.’ नौकेचें नांव बरोबर आहे. बाकी सर्व चुकलें आहे. चूक कशी झाली हें पाहाणें पोथ्यांच्या व दप्तरांच्या शोधकांसहि उपयोगी पडेल, म्हणून हें टिपण.

‘याख्ट’ हा शब्द मूळ डच, पाठलाग किंवा शिकार या अर्थाच्या धातूपासून झालेला. म्हणजे वेगानें धांवणारी होडी. (कोणी त्याचा संबंध संस्कृत ‘या’ धातूशीं जोडूं पाहील, तो मोह आम्हांसहि झाला होता, परंतु तो आवरलेला बरा.) वनवासांतून परततांना १६६० सालीं चार्ल्स ब्रेडाहून डेल्फ्टला अशाच एका नौकेंतून गेला. ती त्याच्या मनांत भरली, व आम्स्टरडॅम शहरानें त्याच वर्षीं त्यास ‘मेरी’ भेट दिली. उथळ पाण्यासाठीं बांधलेल्या या नौकेच्या दोन्ही कुशींस, वाऱ्यानें ती आडवी वाहूं नये म्हणून, पाण्यांत सोडावयाच्या फळ्या असत. इंग्रज सुतारांनीं पुढें तळ खोल करून या फळ्या टाकून दिल्या. राजाला छंद इतका जडला कीं १६६१ च्या आक्टोबरांत त्यानें व त्याच्या भावानें शंभर पौंडांच्या पैजेवर ग्रीनिच ते ग्रेव्हसेंड व परत अशी शर्यत लाविली. याच राजास त्याच वर्षींच्या विवाहतहानें मुंबई मिळाली, हें वाचकांस ठाऊकच आहे.

ही पहिली मेरी २५ मार्च १६७५ रोजीं डब्लिनहून येतांना धुक्यांत वेल्सच्या अँगल्सी बेटाजवळील स्केरीज खडकांवर आपटून बुडाली. चौऱ्याहत्तरांपैकीं पस्तीस माणसें दगावलीं. १९७१ सालीं पाणबुड्यांस तिच्या पितळी तोफा सांपडल्या. दुसरी मेरी १६७७ सालीं फिनिअस पेट यानें चॅटम येथें बांधली.

आतां चित्राकडे वळूं. तें विलेम व्हान डी व्हेल्डे (पुत्र) याचें असून ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत आहे. विषय : राजकन्या मेरी हॉलंडहून ग्रेव्हसेंडला येऊन पोहोंचली तो दिवस, १२ फेब्रुवारी १६८९. म्हणजे पहिली मेरी बुडून तेव्हां चौदा वर्षें होत आलीं होतीं. चित्रांतली नौका दुसरीच होय. शिवाय व्हान डी व्हेल्डे पितापुत्र इंग्लंडांत आले तेच १६७२-७३ च्या हिवाळ्यांत. १६७४ पासून राजा प्रत्येकास वर्षास शंभर पौंड देऊं लागला : पित्यानें रेखाटावें, पुत्रानें रंगवावें. पिता प्रत्यक्ष लढाईंत लहान होडींत बसून रेखाटनें करी. म्हणून दोर, काठ्या, निशाणें यांविषयीं या घराण्याचा पुरावा आम्ही भरंवशाचा मानतों. आकाश व लाटा यांविषयीं तितका मानीत नाहीं.

खरा घोटाळा तारखेंत आहे. इंग्लंडांत तेव्हां वर्ष २५ मार्चला सुरू होई व जुनें पंचांग चाले. त्यामुळें त्या काळच्या इंग्रजी कागदांत हाच दिवस १२ फेब्रुवारी १६८८ असा सांपडतो, आणि हॉलंडच्या कागदांत २२ फेब्रुवारी १६८९ असा. तिचा पति विल्यम ५ नोव्हेंबर १६८८ रोजीं इंग्लंडच्या किनाऱ्यास उतरला. इंग्रजी साल जसेंच्या तसें घेतलें तर पत्नी पतीच्या नऊ महिने आधीं येऊन बसली असें ठरेल! मृगापासून बदलणारा शुहूर सन व चैत्रापासून बदलणारा शक यांचा मेळ घालतांना जी दक्षता आपण घेतों, तीच येथें हवी. जुना कारकून चुकला नव्हता. त्याचें वर्षच अजून संपलें नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं, १३ फेब्रुवारीस, दोघांनीं व्हाइटहॉल येथें राज्यपद स्वीकारलें.

संग्राहकांसाठीं निशाणाची एक खूण सांगून ठेवतों. इंग्लंडच्या राजध्वजावर फ्रान्सचीं कमलपुष्पें १८०१ पर्यंत होतीं. विल्यमच्या काळीं मध्यभागीं नासाऊ घराण्याचा सिंह असे. प्रतिकृति मोठ्या आकाराची असेल तर आधीं भिंग तेथें न्यावें, चितारी व चिठ्ठी मागाहून.

स्नेह्यांनीं चिठ्ठी काढून फेंकावयास घेतली होती. आम्ही ती तशीच राहूं द्यावयास सांगितली, आणि तिच्याखालीं शिसपेनीनें ‘दुसरी मेरी, १६८९’ एवढेंच लिहिलें.